दोन तोंडांचा समजला जाणारा गांडूळसरडा : त्याचे मातीखालचे आयुष्य

भूमिज (धागाकर्ता)

दक्षिण अमेरिकेतल्या दमट अरण्यांत मातीखाली राहणाऱ्या एका सरीसृपाविषयी हा धागा काढतो आहे. त्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅम्फिस्बीना आल्बा. कार्ल लिनियसने १७५८ साली त्याचे हे नामकरण केले, म्हणजे शास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद होऊन अडीचशेहून अधिक वर्षे लोटली आहेत, आणि तरीही जिवंत प्राणी माणसाच्या नजरेस पडतो तो मुसळधार पावसाने बिळे भरल्यावर, कुदळीचा घाव जमिनीत खोल गेल्यावर किंवा कुजलेला ओंडका उलथल्यावरच. त्रिनिदाद, व्हेनेझुएला आणि गयानापासून ब्राझील, पेरू, बोलिव्हिया, पॅराग्वेपर्यंत त्याचा प्रदेश पसरलेला आहे. इतक्या मोठ्या मुलखात वावरणारा आणि तरी इतका अपरिचित राहिलेला दुसरा सरीसृप सहसा आढळत नाही.

या प्राण्याची लांबी ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास जाऊ शकते. त्याच्या सगळ्या गोतावळ्यात तो सर्वांत लांब आहे. अंग दंडगोल आणि जाड, रंग पिवळसर ते तांबूस तपकिरी, पोटाकडे फिका. ‘आल्बा’ म्हणजे पांढरा, पण जिवंतपणी तो पांढराशुभ्र मुळीच नसतो. पाय नाहीत, कानाची भोके नाहीत, आणि डोळे कातडीखाली गेलेले असल्यामुळे दोन काळसर ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. शेपूट अगदी आखूड आणि टोकाला बोथट असल्यामुळे पहिल्या नजरेत डोके कोणते आणि शेपूट कोणते हे ओळखू येत नाही. ब्राझीलमध्ये त्याला ‘दोन डोक्यांचा साप’ याच अर्थाच्या पोर्तुगीज नावाने ओळखतात. शास्त्रीय नावातही हीच समजूत दडलेली आहे. दोन्ही दिशांना चालणारा, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ असून, प्राचीन भूमध्यसागरी कथांतल्या दुतोंडी सर्पाचे ते नाव होते.

माझे म्हणणे असे की, या दुतोंडेपणाच्या कथेने प्राण्याचे खरे नवल झाकून टाकले आहे. खरे नवल त्याच्या कातडीत आहे. अंगावरचे खवले उभ्या-आडव्या ओळींत चौकोनी तुकड्यांसारखे बसवलेले असतात आणि त्यांची एकापुढे एक अशी दोनशेहून अधिक कडी तयार होतात. धडात एका मणक्यामागे साधारणपणे दोन कडी पडतात. ही कातडी आतल्या शरीराला घट्ट चिकटलेली नसून सैल असते. पुढे जाताना कातडीचा काही भाग बोगद्याच्या भिंतीला टेकून स्थिर राहतो, आतले शरीर स्नायूंच्या जोरावर त्या कातडीतूनच पुढे सरकते, आणि मग मागे राहिलेली कातडी पुढे ओढून घेतली जाते. सापासारखी वळणे घेण्यासाठी बाजूला मोकळी जागा लागते आणि स्वतःच्या अंगाइतक्याच रुंद बोगद्यात ती मिळत नाही. या प्राण्याने वळणाची गरजच ठेवलेली नाही. तो सरळ रेषेत पुढे जातो आणि तितक्याच सहजपणे मागेही येतो. ‘दोन्ही दिशांना चालणारा’ हे नाव या एका अर्थाने मात्र यथार्थ ठरते.

वाचकांनी शंका विचाराव्यात आणि कोणाकडे अधिक माहिती असल्यास तिची भर घालावी.

शंकासुर

लेख आवडला. पण मूळ प्रश्न शिल्लक राहतो. हा साप आहे, सरडा आहे की तिसरेच काही? मराठीत मांडुळालाही दुतोंड्या म्हणतात आणि तो तर साप आहे. शिवाय अंगावर कडी असलेला, बिनपायांचा देवगांडूळ नावाचा प्राणी असतो, आणि वाळा हा आंधळा साप गांडुळासारखाच दिसतो. या सगळ्यांत हा कुठे बसतो?

अरण्यक

शंका रास्त आहे, कारण ही चारही नावे वेगवेगळ्या घराण्यांतली आहेत आणि मातीने त्यांना एकसारखे रूप दिले आहे. देवगांडूळ उभयचर, म्हणजे बेडकांच्या बाजूचा. त्याची कातडी ओलसर असते आणि बाहेरून खवले दिसत नाहीत. मांडूळ आणि वाळा हे दोघेही साप. धाग्यातला प्राणी यांपैकी कशातच मोडत नाही. त्याच्या गटात सुमारे दोनशे जाती असून त्यांना एकत्रितपणे अ‍ॅम्फिस्बीनिया म्हणतात. पूर्वी हा गट सरडे आणि साप यांच्या बरोबरीचा तिसरा स्वतंत्र गट मानला जात असे. २००४ पासून प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांनी मात्र त्याला सरड्यांच्या वंशवृक्षातच आणून बसवले, आणि तेही युरोप-आफ्रिकेत भिंतींवर उन्हात बसणाऱ्या लॅसर्टिड सरड्यांच्या शेजारी. उन्हावाचून ज्यांचे चालत नाही त्यांचे जवळचे भाऊबंद कायमचे अंधारात गेलेले असावेत, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

सापांपासून तो किती वेगळ्या वाटेने आला याचा पुरावा शरीराच्या आत सापडतो. शरीर लांब आणि अरुंद झाले की दोन फुप्फुसे शेजारी-शेजारी मावत नाहीत आणि त्यांपैकी एक आक्रसते. सापांत आणि इतर बिनपायांच्या सरड्यांत डावे आक्रसते, तर अ‍ॅम्फिस्बीनियांत उजवे. अडचण तीच होती, पण ती स्वतंत्रपणे सोडवली गेली हे यावरून स्पष्ट होते. कवटीही तशीच निराळी आहे. सापाच्या कवटीतली हाडे एकमेकांपासून सुटी राहून भक्ष्य गिळताना पसरतात. यांची कवटी मात्र घट्ट सांधलेली, भरीव आणि मेंदूभोवती जवळजवळ बंद पेटीसारखी असते.

पायांबद्दल एक अपवाद सांगायला हवा. मेक्सिकोत आढळणाऱ्या बायपीस वंशाच्या ३ जातींना पुढचे दोन पाय आहेत, आणि ते आखूड असले तरी चांगले बळकट व नखांचे असतात. मागचे पाय त्यांनाही नाहीत. बाकी सगळा गट पूर्णपणे बिनपायांचा आहे.

शब्दवेल्हाळ

नावाबद्दल थोडे लिहितो. मराठीत या प्राण्याला रूढ नाव नाही, कारण हा गट आपल्याकडे आढळत नाही आणि न पाहिलेल्या प्राण्याला लोकभाषा नाव देत नाही. धागाकर्त्यांनी वापरलेला ‘गांडूळसरडा’ हा जोडशब्द मला योग्य वाटतो. त्यातले ‘गांडूळ’ रूप सांगते आणि ‘सरडा’ कूळ सांगतो, म्हणजे दोन्ही पदे खरे बोलतात. ‘दुतोंड्या’ हा शब्द मात्र इथे टाळावा, कारण तो आधीच मांडुळाला दिलेला आहे आणि त्याने गैरसमजच वाढेल.

ब्राझीलमधल्या दुसऱ्या जातीचे नाव याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. अ‍ॅम्फिस्बीना फुलिजिनोसा या जातीचे वर्णनही लिनियसनेच १७५८ साली केले. लॅटिन शब्दाचा अर्थ काजळी लागलेला. काळ्या आणि पांढऱ्या चौकटी अंगभर विखुरल्यामुळे ती जात खरोखरच काजळीचे बोट फिरवल्यासारखी कबरी दिसते.

शंकासुर

दोघांचेही आभार. आता दुसरी शंका. डोळे नाहीत, कान नाहीत, तर तो भक्ष्य शोधतो कसे? आणि विषारी असतो का?

भूमिज (धागाकर्ता)

विष मुळीच नाही. चावा मात्र चांगलाच जोराचा असतो, आणि हातात धरणाऱ्याला तो जाणवल्याशिवाय राहत नाही. वरच्या जबड्यात अगदी मध्यभागी एक मोठा दात असतो आणि तोंड मिटले की तो खालच्या जबड्यातल्या दोन दातांच्या मधल्या खाचेत बसतो. अशा रचनेमुळे तो भक्ष्याचा लचका चिमट्याने तोडल्यासारखा काढू शकतो. सापासारखे सबंध गिळण्याची सक्ती त्याच्यावर नाही.

कानांबद्दल आपण विचारलेत ते बरे झाले, कारण या प्राण्यातली मला सर्वांत आवडलेली रचना तीच आहे. कानाचे भोक आणि पडदा नाहीत हे खरे, पण आतला कान शाबूत आहे. मधल्या कानातल्या हाडाला जोडून एक लांब कूर्चा पुढे निघते, जबड्याच्या बाजूने तोंडाकडे जाते आणि चेहऱ्याच्या कातडीला जाऊन मिळते. त्यामुळे गालाच्या आणि ओठाच्या बाजूची कातडीच कानाच्या पडद्याचे काम करते. अळी मातीत हलली की तिची थरथर चेहऱ्यावर उमटते आणि तिथून ती आतल्या कानात पोचते. समोरच्या मातीत तोंड खुपसून चालणाऱ्या प्राण्याचा कान डोक्याच्या मागच्या बाजूला असून काय उपयोग झाला असता? तो पुढे सरकून ओठाशी आला, हे मला फार सयुक्तिक वाटते. त्याच्या जोडीला वास आणि जिभेने टिपलेला गंध आहेच. डोळ्यांना उजेड आणि अंधार यांतला फरक तेवढा कळतो.

खाण्याच्या बाबतीत तो चोखंदळ नाही. मध्य ब्राझीलच्या सेराडो नावाच्या विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशातल्या नमुन्यांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या पोटांत भुंगेरे, मुंग्या, वाळवी, कोळी, अळ्या असे नाना प्रकारचे जीव सापडले. म्हणजे वाटेत जे येईल ते खाणारा हा प्राणी आहे. त्याच अभ्यासानुसार वीण कोरड्या ऋतूत होते आणि मादी एका वेळी ८ ते १६ अंडी घालते. या गटातल्या बहुतेक जाती अंडी घालणाऱ्याच आहेत, पण उत्तर आफ्रिकेतली ट्रोगोनोफिस विगमनी ही जात आणि आणखी थोड्या जाती थेट पिलांना जन्म देतात.

वारूळवेडा

मुंग्यांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. ब्राझीलमध्ये या प्राण्याला आणखी एक लोकनाम आहे, आणि त्याचा अर्थ होतो ‘सौवा मुंग्यांची आई’. सौवा म्हणजे पाने कापून वारुळात नेणाऱ्या आणि त्यांवर बुरशीची शेती करणाऱ्या मुंग्या. त्यांची वारुळे खणताना आत हा जाडजूड प्राणी निवांत पडलेला आढळतो, आणि मुंग्याच त्याला पोसतात किंवा तोच त्यांचा सांभाळ करतो, अशी समजूत त्यातून रूढ झाली.

समजुतीतले नाते खरे नसले तरी सोबत खरी आहे. अ‍ॅटा सेफालोटेस या पानकातऱ्या मुंगीशी असलेल्या त्याच्या संबंधाचा त्रिनिदादमध्ये अभ्यास झाला आणि तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, मुंग्या एकमेकींसाठी सोडतात त्या गंधरेषेचा माग हा गांडूळसरडाही काढू शकतो आणि त्या मागावरून वारुळात पोचतो. तिथे त्याला मुंग्यांपेक्षा अधिक ओढ असते ती वारुळातल्या कचऱ्याच्या कोठड्यांची. मुंग्या निरुपयोगी झालेली बुरशी आणि पाने तिथे नेऊन टाकतात, आणि त्या उबदार कुजीत सीलोसिस नावाच्या भुंगेऱ्याच्या लठ्ठ अळ्या वाढतात. त्या खायला तो येतो. या वाटेने एक परजीवीही त्याच्या शरीरात शिरतो. रायलिएटिएला वंशाचा हा परजीवी आधी त्या अळ्यांत वाढतो, आणि अळी खाल्ली गेली की गांडूळसरड्याच्या फुप्फुसात जाऊन स्थिरावतो. मुंगी, बुरशी, अळी, सरडा आणि परजीवी अशी ही साखळी सगळीच्या सगळी जमिनीखाली चालते.

तटस्थ

माहिती उत्तम आहे, परंतु एक मतभेद नोंदवतो. पाय गेले, दृष्टी गेली, कान झाकले गेले, एक फुप्फुस आक्रसले, हे सगळे पाहता हा प्राणी उत्क्रांतीत मागे पडलेला आणि सुरक्षित कोपऱ्यात जाऊन दडलेला वाटतो. त्याचे इतके कौतुक करण्याजोगे त्यात काय आहे?

भूमिज (धागाकर्ता)

आपण गेलेल्या गोष्टींची यादी केलीत, त्यात मिळालेल्या गोष्टी राहून गेल्या आहेत. बोगदा खणण्यासाठी या प्राण्याकडे एकच हत्यार आहे आणि ते म्हणजे डोके. माती उकरून मागे टाकायची सोय नाही, कारण पाय नाहीत. त्यामुळे डोक्याने माती दाबून भिंतीत चेपावी लागते आणि एकेक ठोका देत वाट करावी लागते. घट्ट सांधलेली कवटी लागते ती त्यासाठी.

आणि हे हत्यार एका साच्याचे नाही. अ‍ॅम्फिस्बीना आल्बाचे डोके गोलसर असते आणि ते सरळ ठोके देत पुढे जाते. लेपोस्टर्नॉन वंशाचे आणि फ्लोरिडातल्या ऱ्हायन्युराचे डोके फावड्यासारखे चपटे असते. ते आधी डोके मातीत घुसवतात आणि मग वर उचलून बोगद्याचे छत दाबतात. काही वंशांचे डोके बाजूंनी चपटे होऊन नांगराच्या फाळासारखे उभे धारदार झाले आहे, आणि ते डावीकडे-उजवीकडे हलवून ते बाजूच्या भिंती चेपतात. पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातला अ‍ॅगामोडॉन तर डोके गिरमिटासारखे आलटून-पालटून फिरवत भिंती तासत जातो. ब्राझीलमधल्या लेपोस्टर्नॉन मायक्रोसेफालमवर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या खणण्याचे जवळून निरीक्षण झाले. तेव्हा असे दिसले की, डोक्यामागचा रेटा प्रामुख्याने पाठीच्या कण्यालगत धावणाऱ्या लांब स्नायूंतून येतो. म्हणजे अख्खे धडच त्या फावड्याचा दांडा असते.

मातीचे निरनिराळे प्रकार आणि त्यांसाठी निरनिराळी डोकी, हे दडून बसलेल्या प्राण्याचे लक्षण मला वाटत नाही. डोळे गेले ते उजेड नसलेल्या जागी डोळ्यांचे काम नसल्यामुळे, आणि पाय गेले ते अरुंद बोगद्यात त्यांचा अडथळा होत असल्यामुळे. आक्षेप स्पष्ट शब्दांत मांडलात याबद्दल आभार, कारण ही समजूत पुष्कळांची असते.

अरण्यक

वरील उत्तराला भूगोलाची एक पुरवणी जोडतो. हा गट दक्षिण अमेरिका, कॅरिबियन बेटे, मेक्सिको, फ्लोरिडा, आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ आणि अरबस्तान इतक्या दूरदूरच्या ठिकाणी आढळतो. खंड एकत्र होते तेव्हापासूनच तो सगळीकडे असेल, असे साहजिकच वाटत असे. २०१५ साली जीवाश्म आणि जनुके यांचा मेळ घालून प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निराळे चित्र मांडले. डायनासोरांचा अंत करणाऱ्या महासंहारानंतर, म्हणजे खंड वेगळे झाल्यावर, हा गट पसरला, आणि त्यासाठी त्याने समुद्र ओलांडला. नदीच्या पुराने मुळांसकट उपटलेली झाडे आणि त्यांना धरून राहिलेली माती समुद्रात वाहत जाते. तशा तराफ्यांवरून हे प्राणी पलीकडे गेले असावेत, असा त्यामागचा विचार आहे. मातीबाहेर न येणाऱ्या प्राण्याने अटलांटिक ओलांडला, तोही मातीतच बसून. मागे पडलेल्या प्राण्याला हे साधले नसते, असे तटस्थ यांना नम्रपणे सांगावेसे वाटते.

तटस्थ

मुद्दा पटला. ‘मागे पडलेला’ हा शब्द मी परत घेतो.

शंकासुर

शेपटीचा प्रश्न राहिला. ती डोक्यासारखी दिसते, हा निव्वळ योगायोग का?

भूमिज (धागाकर्ता)

योगायोग नसावा, कारण तो प्राणी स्वतःच त्या साम्याचा वापर करतो. अ‍ॅम्फिस्बीना आल्बाला उघड्यावर डिवचले की तो डोके आणि शेपूट दोन्ही एकाच वेळी वर उचलतो आणि घोड्याच्या नालासारखा आकार धरतो. एका टोकाला उघडा जबडा आणि दुसऱ्या टोकाला तशीच बोथट शेपूट पाहून हल्ला कुठे करावा हे शत्रूला ठरवता येत नाही. शेपटीची कातडी जाड आणि तंतुमय असल्यामुळे तिथे घेतलेला चावा डोक्यावरच्या चाव्याइतका महागात पडत नाही.

या गटातल्या कित्येक जाती पालीप्रमाणे शेपूट तोडून निसटतात, पण पालीला ती पुन्हा फुटते तशी यांना फुटत नाही. जखम भरून तिथे थोटका उरतो, म्हणजे ही युक्ती जन्मात एकदाच वापरता येते. आल्बा शेपूट तोडत नाही. शेपटीला दुसऱ्या डोक्याचे काम दिल्यावर ती टाकून देणे परवडणारे नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. जमिनीखाली मात्र या सोंगाचा फारसा उपयोग नाही. तिथे त्यांचे शत्रू पोवळ्या रंगाचे मायक्रुरस साप; त्यांच्या आहारात गांडूळसरडे असतात आणि ते बोगद्यात शिरूनच त्यांना गाठतात.

वारूळवेडा

इतक्या दडलेल्या प्राण्याची एवढी माहिती जमली कशी, हेही सांगावे. कोणीतरी आयुष्य वेचल्याशिवाय हे होत नाही.

अरण्यक

दोन नावे आवर्जून घ्यायला हवीत. ब्राझीलचे पाउलो व्हान्झोलिनी यांनी १९५१ साली या कुळाची पद्धतशीर मांडणी केली आणि कबऱ्या फुलिजिनोसाच्या उपजातीही त्याच वर्षी वेगळ्या केल्या. साओ पाउलोच्या प्राणिसंग्रहालयाची, म्हणजे जतन केलेल्या नमुन्यांच्या वस्तुसंग्रहालयाची, धुरा त्यांनी अनेक वर्षे वाहिली, आणि सांबा संगीताचे रचनाकार म्हणूनही त्यांच्या देशात ते तितकेच परिचित होते. दुसरे कार्ल गान्स. या प्राण्यांची चाल, कवटी, खणण्याच्या तऱ्हा आणि कान या सगळ्यांवर त्यांनी कित्येक दशके काम केले, आणि या धाग्यात डोक्याच्या आकारांविषयी जे आले आहे त्याचा पाया त्यांनीच घातला.

नमुने मिळण्याची वाट मात्र मनाला लागणारी आहे. धरणाचे पाणी चढू लागले की जमिनीखालचे प्राणी वर येतात, आणि ब्राझीलमध्ये अशा वेळी प्राणी वाचवण्याच्या मोहिमांत गांडूळसरडे मोठ्या संख्येने हाती लागतात. मातो ग्रोसो राज्यातल्या मान्सो धरणाच्या परिसरातून अ‍ॅम्फिस्बीना ब्रेव्हिस ही नवी जात २००९ साली वर्णिली गेली. म्हणजे एखाद्या ठिकाणच्या मातीत कोण राहते हे कळते ते बहुधा ती माती बुडताना. जंगल कापले की पक्षी उडालेले दिसतात, माकडे पळालेली दिसतात. उन्हाने तापून कडक झालेल्या जमिनीखाली काय झाले ते कोणाला दिसत नाही. या प्राण्यांची मोजदाद धरण बांधून झाल्यावर न होता आधी व्हावी, एवढे तरी आपण आग्रहाने म्हणायला हवे.

शंकासुर

शेवटची शंका. एवढ्या विस्तीर्ण मातीत, एकेकटे राहणारे, न पाहणारे नर आणि मादी एकमेकांना सापडतात कसे?

भूमिज (धागाकर्ता)

मलद्वाराच्या पुढे खवल्यांत ओळीने बारीक छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्रामागे एक ग्रंथी असते. आल्बाच्या या ग्रंथींचा सूक्ष्मदर्शकाखाली तपशीलवार अभ्यास झाला आहे. त्यांतला स्राव घट्ट होऊन छिद्रात बुचासारखा बसतो. प्राणी बोगद्यातून सरकतो तेव्हा ते बूच जमिनीवर घासते, झिजते आणि त्याची बारीक पूड मागे सांडत जाते. पूड झिजेल तशी आतून नवी भर येते, म्हणजे ही रेषा चालता-चालता आपोआप उमटत राहते. मागून येणाऱ्या जातभाईला त्या गंधावरून, पुढे कोणीतरी गेले आहे हे कळत असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मुंग्यांचा माग काढू शकणाऱ्या या प्राण्याला आपल्या जोडीदाराचा माग काढणे अवघड जाऊ नये.

छिद्रांची संख्या जातीनुसार बदलते आणि नमुना ओळखताना ती मोजली जाते. अरण्यक यांनी उल्लेख केलेल्या ब्रेव्हिस जातीला अशी दोनच छिद्रे आहेत.